डाव्या पायाची बोटं आणि माझा राग

सुरुवात सांगायची तर जरा लाजच वाटते. रात्रीचे साडेआठ वाजले असतील, मुलगा गृहपाठाला बसला होता, मी त्याच्या शेजारी पण डोळे फोनमध्ये, कारण ऑफिसमधून एक मेल आला होता आणि त्यात सगळ्या टीमला कॉपीत ठेवून माझ्या कामाबद्दल चार खोचक ओळी लिहिल्या होत्या. मुलाने विचारलं, आई खोडरबर कुठंय? मला ऐकूच आलं नाही. त्याने परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी अशी काही ओरडले की त्याच्या हातातली पेन्सिल पडली, आणि ती उचलायला तो वाकला तेव्हा मला दिसलं की खोडरबर माझ्याच हातात आहे. मेल वाचता वाचता मी त्याचे तुकडे करत बसले होते, मांडीवर सगळा चुरा.

तो रडला नाही, उलट उत्तरही दिलं नाही, खाली मान घालून गपचूप अक्षरं काढत बसला. त्यानेच जास्त लागलं मला. म्हणजे राग कुणाचा आणि काढला कुणावर, अगदी वड्याचं तेल वांग्यावर, आणि हे काही पहिल्यांदा होत नव्हतं.

मग दुसऱ्या दिवशी बहुतेक लोक करतात तेच मी केलं, ठरवून टाकलं की आजपासून चिडायचं नाही. मेडिटेशनचं एक अॅप घेतलं, रोज दहा मिनिटं, डोळे मिटून श्वासाकडे लक्ष. आणि खरंच पुढचे तीनेक आठवडे घरात एकदम शांतता, मी आपली हसून बोलतेय, कुणी काही केलं तरी "असू दे" म्हणतेय, फक्त आतून धुमसतेय. एक दिवस नवरा म्हणाला, तू ओरडतेस तेव्हा बरी असतेस, हल्ली शांत असलीस की भीती वाटते. हे ऐकून मी जो भडका उडवला त्यात आधीच्या तीन आठवड्यांची सगळी थकबाकी निघाली. वर त्या दिवशी अॅपचं सेशन चुकलं म्हणून स्ट्रीक, म्हणजे सलग किती दिवस केलं त्याची मोजणी, तुटली, त्यावरून वेगळी चिडचिड.

नंतर मला कळलं की हे माझं एकटीचं येडेपण नव्हतं. डॅनियल वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये एक साधा प्रयोग केला होता, लोकांना सांगितलं की पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि आलाच तर घंटी वाजवा, तर लोक घंट्या वाजवत बसले. आणि नंतर मोकळीक दिल्यावर तर ते अस्वल आणखीनच जास्त येत राहिलं. माझं अस्वल म्हणजे तो मेल. मी श्वासाकडे बघत नव्हतेच मुळी, त्या मेलकडे न बघण्याची कसरत करत होते, आणि त्याला ध्यान म्हणत होते.

मग एका मैत्रिणीच्या नादाने आठ आठवड्यांचा माईंडफुलनेसचा कोर्स लावला, म्हणजे आत्ता आपल्यात काय चाललंय त्याकडे लक्ष देण्याचा. हा कोर्स जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या एका मेडिकल स्कूलमध्ये सुरू केला, तोही जुनाट दुखणी असलेल्या, औषधाने फार फरक पडत नाही अशा पेशंटसाठी. हे मला आवडलं, कारण दुखणं जाईल असं काही त्यात आश्वासनच नाही, ते असताना कसं राहायचं एवढंच. आठवड्यातून एकदा ग्रुपबरोबर बसायचं आणि रोज घरी पाऊण तास सराव. पाऊण तास! मी वीस मिनिटं करायचे आणि रजिस्टरमध्ये प्रामाणिकपणे वीसच लिहायचे, एवढं एक पुण्य माझ्या नावावर आहे.

सुरुवातीला बॉडी स्कॅन असतो. आडवं पडायचं आणि डाव्या पायाच्या बोटांपासून लक्ष हळूहळू वर न्यायचं, बोटं, तळवा, घोटा, पोटरी, गुडघा, करत करत डोक्यापर्यंत. काही बदलायचं नाही, सैल सोडायचं असंही नाही, फक्त तिथे काय जाणवतंय ते बघायचं. मी एकदाही गुडघ्याच्या वर पोचले नाही. घोट्यापर्यंत यायचे आणि घोरायला लागायचे. दोन आठवडे झाले तरी माझी प्रगती काय तर डाव्या पायाची पाच बोटं. त्यांची मात्र मला इत्थंभूत माहिती झाली, करंगळी जवळजवळ जाणवतच नाही, अंगठ्याच्या टोकाला जरा धुगधुगी असते वगैरे.

तिसऱ्या आठवड्यात मी शिकवणाऱ्या मॅडमना सांगितलं की मला हे जमणाऱ्यातलं नाही, माझं मन दहा सेकंद एका जागी राहत नाही. त्या म्हणाल्या, राहत नाही हे तुम्हाला कधी कळलं? मी म्हटलं, म्हणजे काय, मधेच एकदम लक्षात येतं ना, की अरे आपण भलतीकडेच आलो. त्या म्हणाल्या, हां, सराव तेवढाच आहे, ते लक्षात येणं, बाकीचं तर सगळ्यांचं भटकतंच. मला आधी वाटलं धीर द्यायला बोलतायत. पण हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २०१० मध्ये २,२५० लोकांना दिवसभरात मधूनमधून फोनवर विचारलं होतं की आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे, तर जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतंच. आणि भटकलेल्या वेळी लोक जरा जास्त नाखूश होते, मन छान गोष्टींकडे गेलं असेल तरी त्याने काही जास्त खुशी मिळत नव्हती.

अजून एक गोष्ट त्या जाता जाता बोलल्या ती माझ्या डोक्यात राहिली. ज्याला आपण माईंडफुलनेस म्हणतो त्याचा मूळ पाली शब्द सति, म्हणजे आपल्याकडचा स्मृती. आठवण! मी इतके दिवस एकाग्रता, शांती, मन रिकामं करणं असलं काय काय समजून बसले होते, आणि हे तर आठवणं निघालं. आपण इथे आहोत हे विसरतो, मग आठवतं, परत विसरतो. विसरण्यात तर मी तरबेज आहेच.

आता मुद्द्याची गोष्ट. चौथ्या की पाचव्या आठवड्यात व्हिडिओ मीटिंग चालू होती, तेच मेलवाले साहेब माझ्या रिपोर्टबद्दल बोलायला लागले, आणि मला जाणवलं की टेबलाखाली माझ्या डाव्या पायाची बोटं चपलेत घट्ट आवळली गेलीयत. झाडाच्या फांदीवर पक्षी बसतो ना, तशी. अजून मला राग आलेला नव्हता, निदान मला तरी माहीत नव्हता, पण बोटांना माहीत होता. मी बघत राहिले. मग जबडा. मग कान गरम. आणि मग डोक्यात ती नेहमीची ओळ आली, "यांना काय कळतंय." म्हणजे इतकी वर्षं मी समजत होते की राग एका क्षणात येतो, डोक्यात तिडीक जाते आणि तोंड सुटतं, तर तो पायापासून चालत येत होता, मी फक्त शेवटच्या स्टॉपवर त्याला भेटत होते.

त्या दिवशी मी काही मोठं केलं नाही. बोटं मुद्दाम सोडलीसुद्धा नाहीत. म्यूट होते, श्वास जरा लांब सोडला, तीनचार वेळा. यातही काही गूढ नाही, श्वास घेताना हृदयाचे ठोके थोडे वाढतात आणि सोडताना कमी होतात, म्हणून सोडणं लांबवलं की शरीराचा वेग जरासा उतरतो. जरासाच बरं का. कोणी म्हणत असेल तीन श्वासात राग गायब, तर त्याला खरा राग आलेला नसावा.

पुढचं शिकणं नाव देण्याचं, आणि यात मी सगळ्यात जास्त रमले. मॅडमनी वही ठेवायला सांगितली, जे वाटलं त्याचं नाव लिहा. पहिले सहा दिवस माझ्या वहीत एकच शब्द, राग, राग, राग. मॅडम हसून म्हणाल्या, मराठीत एवढीच भावना आहे का? मग मी बसून शोधायला लागले आणि काय काय निघालं, वैताग, चीड, हिरमोड, धास्ती, अपराधी वाटणं, हेवा, ओशाळणं, उगाचची हुरहुर. आणि एका रात्री त्या खोडरबरवाल्या दिवसाचं नाव लिहायला घेतलं तर तिथे राग लिहवेना. तो अपमान होता, चारचौघांतला. आणि त्याच्या खाली भीती, की त्यांचं म्हणणं खरं असेल तर? रिपोर्टमध्ये एक चूक होती माझी, खरंच होती. हे लिहिल्यावर पोटात खड्डा पडला पण छातीवरचं काहीतरी सैलही झालं.

याच्यावरही काम झालंय, मॅथ्यू लिबरमन हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं, २००७ चं. स्कॅनरमध्ये झोपलेल्या लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले, आणि त्या भावनेचं नाव निवडायला सांगितलं की मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे धोक्याची घंटी वाजवण्यात ज्याचा मोठा हात असतो तो भाग, जरा गप व्हायचा. चेहऱ्याला नुसतं माणसाचं नाव जोडायला सांगितलं तर तेवढा नाही व्हायचा. माझ्या अनुभवाने एवढंच सांगते की शब्द नेमका सापडला तरच गंमत आहे, "मला राग आलाय मला राग आलाय" म्हणत राहिले तर माझा तरी वाढतोच.

पण हे सगळं चालू असताना एक गोष्ट मला खटकायला लागली, की मी रोज रात्री साडेआठला मुलाशेजारी बसून तोच इनबॉक्स उघडतेय आणि मग श्वास मोजतेय. हे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसत बसणं. जेम्स ग्रॉस म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९९८ मध्ये मांडलंय की भावनेला हात पाच ठिकाणी घालता येतो, प्रसंग निवडणं, प्रसंग बदलणं, लक्ष दुसरीकडे वळवणं, त्याच गोष्टीकडे वेगळ्या नजरेने बघणं, आणि सगळ्यात शेवटी, भावना उफाळून आल्यावर ती आवरणं. मी आयुष्यभर फक्त ते पाचवं करत आले होते, झाकण दाबून धरायचं.

मग सातनंतर मेलचं नोटिफिकेशन बंद केलं. साहेबांना सरळ सांगितलं की चूक असेल तर मला एकटीला कळवा, मी दुरुस्त करीन. त्यांनी ऐकलं? अर्धवट. पण मी बोलले. आणि काम अर्धवट सोडून उठताना आता एका कागदावर दोन ओळी लिहिते, कुठे थांबले आणि उद्या पहिलं काय करायचं. सोफी लरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये दाखवलं होतं की एक काम सोडून दुसऱ्याकडे गेलो तरी लक्षाचा थोडा भाग मागेच चिकटून राहतो, आणि हा दोन ओळींचा उपायही त्यांच्याच नंतरच्या कामातला. माझ्या बाबतीत या चिठोऱ्याने त्या अॅपपेक्षा जास्त काम केलंय, हे मॅडमना सांगितलेलं नाही.

एक मात्र सांगायलाच हवं. आमच्या ग्रुपमध्ये एकीला डोळे मिटून श्वासाकडे बघितलं की घाबरंघुबरं व्हायचं, जुनं काहीतरी वर यायचं. तिला मॅडमनी लगेच थांबवलं, डोळे उघडे ठेवायला आणि आजूबाजूच्या आवाजांकडे लक्ष द्यायला सांगितलं, आणि आधी काउन्सेलरकडे जा म्हणाल्या. तेव्हा कुणाला असं झालं तर रेटून करत बसू नका, सगळ्यांना सगळं मानवत नाही.

कोर्स संपून आता वर्ष होत आलं. ओरडणं बंद झालंय का? नाही. कमी झालंय, आणि वाक्य अर्धं झाल्यावर मला ऐकू येतं की आपण ओरडतोय, मग कधी थांबते, कधी थांबत नाही. मागच्या आठवड्यात मुलाने त्याचं दप्तर परत दारातच टाकलं होतं, मी अडखळले, सुरू केलं, "किती वेळा सांगितलं तुला की" आणि तिथेच गप्प झाले. तो बघत राहिला. म्हणाला, पुढे? मी म्हटलं, थांब, माझी बोटं आवळलीयत. त्याने वाकून माझ्या पायाकडे बघितलं, खरंच आवळली होती, आणि तो इतका हसला की मलाही हसू आलं.

आता त्याला ही युक्ती सापडलीय. काहीही उपद्व्याप करून ठेवतो आणि मी तोंड उघडायच्या आत पायाकडे बोट दाखवून म्हणतो, "आई, बोटं!" काल भिंतीवर पेनाने रेघोट्या मारून हेच केलं त्याने. मी खाली बघितलं. बोटं आवळलेली होतीच. मी म्हटलं हो, आवळलीयत, ओला फडका आण आणि पुसायला लाग.