ढोलीतल्या मधाचा रंग

तौक्ते वादळाने १६ मे २०२१ ला सिंधुदुर्गात जी झाडं पाडली, त्यांतली बरीचशी चुलीत नाहीतर वखारीत गेली. वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीतला फणस मात्र वाचला. घरातल्या काकींनी तो कोणाला विकला नाही. ओंडके करून खोपीत रचून ठेवले. त्यातला एक माझ्या लेथपर्यंत, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रापर्यंत, पोचायला काही वर्षं गेली आणि ते बरंच झालं. लाकूड वाळायला जाडीच्या इंचामागे एक वर्ष असा ढोबळ हिशेब धरतात, पण आपल्याकडे पावसाचे चार महिने लाकूड वाळायचं राहतं बाजूला, उलट हवेतली ओल पिऊन बसतं.

ओंडक्याच्या एका अंगाला मूठ आत जाईल एवढी ढोली होती. तिच्या कडेपासून गाभ्यापर्यंत भेग गेलेली. ढोली इपॉक्सी रेझिनने, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक रसायनाने, भरून वाडगा कातायचा ठरला. काकींसोबत आलेल्या चाकरमानी मुलाने मोबाईलवर निळ्या रेझिनचे वाडगे दाखवले. समुद्रासारखा निळा हल्ली सगळ्यांनाच हवा असतो. काकींनी फोटो नीट बघितले आणि म्हणाल्या, "निळो कशाक? ढोलीत मध होतो, समुद्र नाय होतो."

त्या ढोलीत वर्षानुवर्षं सातेरीच्या माश्या होत्या. सातेरी अंधारातच घर करते. आत हात घातला तर पोळ्यांचे वाळके तुकडे अजून चिकटलेले होते. काकींचं म्हणणं मला एकदम पटलं. रंग मधाचाच, आणि आरपार दिसेल असा. पण त्या मेणाने कामाची सगळी रीतच बदलली, कारण मेणावर इपॉक्सी धरत नाही. वरून घट्ट बसल्यासारखं दिसतं आणि लेथवर फिरताना ढेकूळच्या ढेकूळ सुटून येऊ शकतं. ते तोंडावर बसलं तर काय होईल ते सांगायला नको.

गरम हवेने मेण वितळवून काढणं सोपं वाटतं, पण वितळलेलं मेण लाकडात मुरतं आणि मग तिथे काहीच चिकटत नाही. म्हणून आधी थंड मेण सुरीने खरवडलं, मग टर्पेंटाईन, मग अ‍ॅसिटोनचा फडका, आणि शेवटी आतला थर पटाशीने कोरून ताजं पिवळं लाकूड उघडं केलं. ओतण्याच्या कामापेक्षा जास्त वेळ या सफाईत गेला.

ओतलं ते थंडीच्या दिवसांत, संध्याकाळी. रेझिन आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर एकत्र आले की मिश्रण स्वतःच तापतं. जाड थर आणि वर मे महिन्याचा उकाडा असेल तर ते उकळतं, तडकतं. लाकूड बल्बच्या पेटीत ठेवून ओल १० टक्क्यांच्या आसपास आणली होती. आधी ब्रशने पातळ हात दिला, म्हणजे लाकडाच्या छिद्रांतली हवा नंतर बुडबुडे होऊन वर येत नाही. रंग अगदी चिमूटभर. जास्त घातला की मधाचा काकवी होतो.

कातायच्या दिवशी काकी स्वतः आल्या, दाराशी खुर्ची टाकून बसल्या. लेथ सुरू केला आणि पायाखालची फरशी थरथरली. फणसाचं वाळकं लाकूड पाण्यावर तरंगतं, रेझिन पाण्यात बुडतं. म्हणजे ढोलीची बाजू जड. लाकडाला दुसऱ्या टोकाने आधार देणारा टेलस्टॉक घट्ट लावला, वेग सगळ्यात खाली आणला आणि गाऊज, म्हणजे पन्हळीसारखी पटाशी, नुसता टेकवत टेकवत बाहेरचा गोल धरला. हत्यार लाकडावर असलं की फरफर आवाज यायचा, रेझिनवर गेलं की टक्क. प्रत्येक फेऱ्यात फरफर-टक्क, फरफर-टक्क. गोल बसत गेला तसा तो टक्क आवाज मंदावला. लाकडाचे छिलके पायाशी पडत होते, रेझिनची लांब चिवट पट्टी मात्र लाकूड पकडून ठेवणाऱ्या चकाभोवती गुंडाळत होती. ती काढायला दर थोड्या वेळाने लेथ थांबवावा लागे. तो फिरत असताना पट्टीला हात लावायचा नाही, हे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी सांगतो.

आतून पोकळ करताना माझं सगळं लक्ष मेण होतं त्या जागेवर होतं. दर दोन हातांनंतर थांबून जोडावर नख फिरवत होतो. भिंत पातळ झाली तशी दारातून येणारा उजेड रेझिनमधून आत उतरला आणि तिथे, रेझिनच्या पोटात, पोळ्याचा एक करंगळीच्या नखाएवढा तुकडा दिसला. तो मीच ठेवला होता. सफाई करताना षट्कोनी घरं शाबूत असलेला एक कपटा निघाला, तो पहिल्या थरावर, कडेपासून दूर टाकून वरून दुसरा थर ओतला होता. सगळीकडून रेझिनमध्ये असल्यामुळे त्याच्यावर जोड अवलंबून नव्हता. काकींना यातलं काही सांगितलं नव्हतं. त्या उठून आल्या, चष्मा पुसला, वाडगा चकावर असतानाच दोन्ही हातांनी धरला. "ह्या तर घर असा त्यांचा," म्हणाल्या.

पॉलिश पेपर पाणी लावून मारला, कारण कोरडं घासलं की रेझिनची धूळ उडते, ती छातीला वाईट. मास्क तरीही होताच.

काकींना बजावून सांगितलं: गरम काही ठेवायचं नाही, उन्हात ठेवायचा नाही, रेझिन साठ अंशांच्या आतच मऊ पडायला लागतं. फणसाचा पिवळा रंग उजेडाने हळूहळू तपकिरी होईल, ते बिघडणं नव्हे. "सुरंगीचे वळेसार ठेवन," म्हणाल्या. म्हणजे सुरंगीच्या फुलांचे गजरे.

खोपीत अजून ओंडके आहेत. मुलाला त्या सगळ्यांत रेझिन भरून हवंय. मी जाऊन बघितले. एकात नुसती केसाएवढी चीर आहे. तिथे लाखेची कांडी फिरत्या लाकडावर टेकवली की घर्षणानेच लाख वितळून चिरेत बसते. त्या ओंडक्याला रेझिन लावणार नाही, असं मी मुलाला कळवलंय.