तुम्ही विचारलंत म्हणून: पळवून नेलेल्या मुलीची प्रेमकथा कशी होते?

माझ्याकडच्या चित्रकादंबऱ्या आजूबाजूच्या मुली वाचायला नेतात आणि मागाहून त्यांच्या आया मला गाठतात. "अहो, त्या हेडीसने पोरीला पळवूनच नेलं होतं ना? मग ती प्रेमकथा कशी? आणि आमच्या मुलींना तुम्ही ती वाचायला कशी देता?"

बहुतेक वेळा हा प्रश्न न्यूझीलंडच्या रेचल स्माइदच्या 'लोर ऑलिंपस' या चित्रकादंबरीवरून निघतो. ग्रीक पुराणातला पाताळाचा राजा हेडीस आणि त्याने पळवलेली पर्सेफनी, यांची ती गोष्ट. २०१८ ते २०२४ ही गोष्ट वेबटून या चित्रकथांच्या ऑनलाइन मंचावर भागाभागाने आली, मग तिचे छापील खंडही निघाले. पर्सेफनी नखशिखांत गुलाबी, हेडीस निळा, पाताळात मोटारी आणि मोबाइल. पाताळाची ही गोष्ट फोनवर अंगठ्याने खाली खाली सरकवत वाचायची, हे मला फार आवडतं.

तुमचा आक्षेप खरा आहे. डीमीटर ही पर्सेफनीची आई, धान्याची देवी. तिच्या होमरी स्तोत्रात, म्हणजे होमरच्या नावावर चालत आलेल्या, अडीच हजार वर्षांहून जुन्या काव्यात, तो स्पष्ट लिहिलेला आहे. मुलगी कुरणात फुलं तोडते आहे. नार्सिससच्या एकाच मुळाला शंभर फुलं आलेली. ती दोन्ही हात पुढे करते आणि जमीन फाटते. हेडीस तिला रथात घालून नेतो, ती ओरडत राहते. बापाने, म्हणजे देवांचा राजा झ्यूसने, तिला आधीच देऊन टाकलेलं. आईला कुणी विचारलं नाही, मुलीला तर नाहीच. आपल्या रुक्मिणीचंही हरणच, पण तिने स्वतः पत्र धाडून कृष्णाला बोलावलं होतं.

स्माइदने पर्सेफनीला ते पत्र लिहायची मुभा दिली, असं मी म्हणेन. तिची पर्सेफनी शिकायला देवांच्या ऑलिंपसवर येते, हेडीस भेटतो, दोघं अडखळत, एकमेकांचा अंदाज घेत जवळ येतात. जबरदस्ती मात्र तिने गाळलेली नाही, ती अपोलो या दुसऱ्या देवाच्या पदरी घातली आहे. झालं ते पर्सेफनीला कितीतरी भाग कुणाला सांगताच येत नाही. म्हणून पंधरा-सोळाच्या आतल्या मुलीला मी हे पुस्तक देत नाही, आणि मोठीला देताना त्या प्रसंगाची आधी कल्पना देते.

शिवाय या दोघांना जोडपं म्हणून पाहणं आजचं नाही. दक्षिण इटलीतल्या लोक्री इथे इसवीसनपूर्व पाचव्या शतकातल्या भाजलेल्या मातीच्या पाट्या सापडल्या. काहींवर मुलीला रथातून पळवून नेताहेत. काहींवर पर्सेफनी हेडीसशेजारी सिंहासनावर ताठ बसली आहे, हातात कोंबडा आणि धान्याची कणसं. लग्न ठरलेल्या मुली या पाट्या तिला वाहत असाव्यात, असं अभ्यासक मानतात. न विचारता दिल्या जाणाऱ्या त्या मुलींना रथही माहीत होता आणि सिंहासनही हवं होतं.

माझी तक्रार वेगळीच आहे, आणि ती तुम्हा आयांनाच सांगायची आहे. या नव्या कथांत प्रियकराला चांगलं ठरवायचं तर दुसऱ्या कुणाला तरी वाईट व्हावं लागतं, आणि ती पाळी डीमीटरवर येते. मुलीला कोंडून ठेवणारी, तिच्यावर सतत नजर ठेवणारी आई. 'लोर ऑलिंपस'मध्येही बराच काळ तेच. मला ते सोसत नाही, कारण मूळ स्तोत्र या आईचंच आहे. नऊ दिवस ती मशाली घेऊन भटकते. अन्न नाही, अंघोळ नाही. मग एल्युसिसला म्हातारीच्या रूपात विहिरीपाशी बसून राहते. त्या गावातल्या घरी तिला वाइन देतात, ती नको म्हणते आणि सातूचं पाणी पुदिना घालून मागून घेते. पुढे तीच जमिनीतून एक दाणा उगवू देत नाही. झ्यूसला मुलगी परत पाठवावीच लागते.

आणि मग भेट. लेकीला कवेत घेतलेलं असतानाच आईच्या मनात चर्र होतं. ती विचारते, "बाळ, खाली असताना काही खाल्लं तर नाहीस ना?" मुलगी सांगते, त्याने डाळिंबाचा दाणा गुपचूप, बळेच भरवला. त्या दाण्यापायी वर्षाचा तिसरा हिस्सा तिला पाताळात काढावा लागतो.

या स्तोत्राची एकच जुनी हस्तलिखित प्रत उरली आहे. १७७७ मध्ये मॉस्कोत सापडली, आता ती नेदरलँड्समधल्या लायडनला असते. नेमकं मायलेकींच्या भेटीपाशी तिचं पान फाटलं आहे. आईचा प्रश्न अर्धाच उरला होता, पुढचे शब्द अभ्यासकांनी अंदाजाने भरले.

त्या प्रश्नासाठी अख्खं पान देणारी चित्रकादंबरी मी अजून शोधते आहे. मिळाली की आधी तुम्हाला देईन, मुलींना नंतर.