जुना नकाशा घेऊन निफाडच्या मळ्यांत एक दिवस

मामाचं गाव निफाड तालुक्यात, गोदावरीवरच्या नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याच्या फुगवट्यापासून (मागे साठलेल्या पाण्यापासून) जवळच. मामांकडून लहानपणापासून ऐकत आलोय की "आधी सगळे गावातच राहायचे, धरण झालं आणि लोक मळ्यात गेले". म्हटलं जुन्या नकाशात बघूया खरंच कधी गेले ते. मित्राला क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधलं थोडंफार येतं, म्हणून त्याला घेतलं आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेसहाला नाशिकमधून गाडी काढली. चांदोरीला चहा, पुढे सायखेड्यावरून गोदावरीच्या कडेकडेने. नाशिककडून येणाऱ्यांनी निफाडवरून आलात तरी चालेल, रस्ता बरा आहे.

जायच्या आधी घरी काय केलं ते सांगतो, कारण खरं काम तिथेच होतं. आमच्याकडे तीन गोष्टी होत्या. एक, सर्व्हे ऑफ इंडियाची स्वातंत्र्याआधीची इंच-मैल शीट (एक इंचाला एक मैल), म्हणजे १:६३,३६०, स्कॅन मित्राने ओळखीतून मिळवला. दुसरी नंतरची १:५०,०००. हा भाग ४६ एल/४ क्रमांकाच्या शीटमध्ये येतो, पण नांदूरमध्यमेश्वर अगदी २० अंश अक्षांशाला टेकून आहे त्यामुळे खालची ४७ आय/१ पण घ्या, नाहीतर नकाशा ऐन मोक्याच्या जागी संपतो (आमचा संपला). आणि तिसरा गाव नकाशा, भूमी अभिलेखचा. त्यासाठी दोन चकरा झाल्या आणि एकदा "साहेब मोजणीला गेलेत" ऐकून परत आलो. महाभूनकाशा या सरकारी साइटवर ऑनलाइन दिसतो तो गटांचा, जुन्या सर्व्हे नंबरांचा हवा असेल तर तसं स्पष्ट मागा. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यानंतर सर्व्हे नंबर जाऊन गट आले, त्यामुळे म्हातारी माणसं एक नंबर सांगतात आणि सातबाऱ्यावर दुसराच असतो, हे माहीत नसेल तर अर्धा दिवस डोकं फिरतं.

शीटवर छापल्याचं साल बघू नका, सर्व्हेचं साल बघा. समासात दोन्ही असतात आणि दोघांत बरीच वर्षं असू शकतात. आम्ही आधी छपाईचं साल धरून बसलेलो आणि बंधारा, कालवे कधी दिसायला लागले याचा सगळा हिशोब चुकला होता.

स्कॅन आजच्या नकाशावर जुळवून बसवताना खुणेसाठी नदीचे पॉइंट घेऊ नका. नदी सरकते आणि इथे तर गाळाने काठच बदललेत. रेल्वे पूल, देऊळ, जुन्या विहिरी, असे पाच-सहा पॉइंट पसरून घ्या. क्यूजीआयएस जमत नसेल तर गूगल अर्थ प्रोमध्ये इमेज ओव्हरले टाकून पारदर्शक करायची, तेवढ्यानेही भागतं.

गावात पोचलो तर पारावर पहिला प्रश्न, "सुरत-चेन्नई महामार्गवाले का तुम्ही?" हातात नकाशा असला की लोकांना भूसंपादनच आठवतं, चूक त्यांची नाही. मामा बरोबर होते म्हणून निभावलं. तुमचं कोणी ओळखीचं नसेल तर आधी सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटा आणि नकाशा लपवू नका, उलट पसरून दाखवा. आम्ही पारावर पसरला आणि दहा मिनिटांत सात-आठ जण जमले, एका बाबांनी तर चष्मा आणायला नातवाला पिटाळलं.

आता मुख्य गोष्ट. जुन्या शीटवर गावठाण म्हणजे एकच घट्ट ठिपका, पांढरी (वस्तीची जागा), आणि भोवती सगळी काळी (शेतजमीन), शेतात जवळजवळ एकही घर नाही. आजच्या सॅटेलाइट फोटोत गटागटात पत्रे आणि स्लॅब विखुरलेत आणि गावठाणात निम्म्या जागी पडके वाडे. मग धरणाने लोक हलले का? लोक धरण म्हणतात तो बंधारा इंग्रजांच्या काळातला, आणि नंतरच्या १:५०,००० शीटवरही मळ्यातली घरं थोडीच, तीही विहिरींना चिकटून. बाबा म्हणाले, "लाइट आली, मोटार आली, मग रातचं पाणी भरायचं तर मळ्यातच झोपावं लागायचं." मग ऊस आणि द्राक्षं, बागेला तर रोज माणूस लागतं. म्हणजे मामांचं अर्धं बरोबर, पाण्यानेच लोक हलले, पण धरणाच्या नाही तर मोटारीच्या. आणि एकच माणूस दोन पिढ्यांतल्या गोष्टींना सरसकट "धरण झालं तेव्हा" म्हणतो, त्यात कोणत्या वर्षाचं काय हे नकाशाशिवाय सुटत नाही.

दुपारी पाणंदी चाललो. गाव नकाशावर तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट, तुटक एकेरी म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. आकडे विचित्र वाटतात पण मोजणीची साखळी ३३ फुटांची, साडेसोळा तिचा निम्मा आणि सव्वाआठ चौथाई. साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट, हेही तिथेच डोक्यात बसलं. एक गाडीमार्ग आता इतका अरुंद झालाय की ट्रॅक्टर कसाबसा जातो, दोन्ही बाजूंनी ऊस आत आलाय. उसात एकट्याने घुसू नका, बिबट्या आहे, ही गंमत नाही.

संध्याकाळी फुगवट्यावर. पाणी उतरलं की उघडी पडणारी गाळपेर जमीन आणि बेटं जुन्या शीटवर नाहीतच, तिथे सरळ नदी आहे. याच गाळाने पाणथळ झाली आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाली. नकाशा बाजूला ठेवून तासभर बदकंच बघत बसलो. दुर्बीण नेली असती तर बरं झालं असतं.

न्यायच्या गोष्टी: टोपी, पाणी, पॉवर बँक, आणि नकाशाच्या दोन प्रिंट, झेरॉक्स नाही. झेरॉक्समध्ये माप बदलतं, त्यामुळे खाली छापलेल्या पट्टीवरूनच अंतर मोजा. आमची एक प्रिंट मामांकडे राहिली आणि आता तिच्यावरून शेजाऱ्याशी बांधाचा वाद मिटवायचं चाललंय म्हणे. त्यांना फोनवर तीनदा सांगितलं, इंच-मैल नकाशावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर ३० मीटर भरते, त्यात दोघांचे बांध मावतात.