१७७५ ते १७८१ : अमेरिकन युद्धाचे अंक जमवताना

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या बातम्या छापणारी ब्रिटिश मासिकं मी जमवतो. अमेरिकेतच छापलेली तेव्हाची वर्तमानपत्रं फार महाग पडतात. लंडनची ‘जंटलमन्स मॅगझिन’ आणि ‘लंडन मॅगझिन’ किंवा एडिनबरोचं ‘स्कॉट्स मॅगझिन’ त्यामानाने आवाक्यात येतात.

अंक मागवताना मी बातमी लंडनला कधी पोहोचली ते आधी पाहतो. जहाजाला महिना-दीड महिना लागे. युद्धाला तोंड फोडणारी लेक्सिंग्टनची चकमक १९ एप्रिल १७७५ ची. वसाहतवाल्यांनी आपली हकिकत ‘क्वेरो’ या हलक्या जहाजाने धाडली, ती मेअखेर पोहोचली. ब्रिटिश सेनापती जनरल गेज यांचा सरकारी अहवाल आधी निघूनही जूनमध्ये आला. म्हणून मे आणि जून दोन्ही अंक चाळायचे. एकाच चकमकीच्या दोन बाजू शेजारी ठेवून वाचता येतात, आणि या छंदातलं खरं सुख मला तेच वाटतं. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यासाठी ऑगस्ट १७७६ चा अंक हवा. यॉर्कटाउनला ब्रिटिश फौजेने पत्करलेली शरणागती १९ ऑक्टोबर १७८१ ची, बातमी आली २५ नोव्हेंबरला; ऑक्टोबरच्या अंकात ती सापडणारच नाही. (याच वर्षांत पहिलं इंग्रज-मराठा युद्ध चालू होतं. ते टपाल आफ्रिकेला वळसा घालून जाई, त्यामुळे त्या बातम्यांसाठी कित्येक महिने पुढचे अंक उघडावे लागतात.)

किंमत ठरते ती अंकातल्या घडीच्या नकाशांवर, आणि तेच आधी गायब होतात, कारण नकाशा सुटा विकला की जास्त पैसे येतात. विक्रेत्याकडून प्रत्येक नकाशाचा फोटो मागवायचा. शिवणीत कापलेल्या कागदाची अरुंद पट्टी दिसली, तर तिथलं पान काढलेलं आहे. पानांचे क्रमांकही सलग तपासायचे. ते वर्षभर पुढे चालू राहतात.

नंतरच्या काळातल्या नकला पुष्कळ आहेत. अस्सल कागद चिंध्यांचा: उजेडात धरला की समांतर रेघांची जाळी दिसते, पानामागे टाइपाचा दाब बोटाला लागतो. पिवळा पडून कडेला तुटणारा कागद लाकडाच्या लगद्याचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला किंवा नंतरचा. तांबूस ठिपके मात्र अस्सल कागदावरही असतात. ते धुवायला जाऊ नये.

लॅमिनेशन नको, चिकटपट्टी तर नकोच. सुटा अंक पॉलिएस्टरच्या पाकिटात, मागे आम्लरहित पुठ्ठा, आणि आडवा ठेवायचा. पावसाळ्यात आर्द्रता ६० टक्क्यांवर गेली की बुरशी आणि कसर दोन्ही सुरू होतात. मी पेटीत सिलिका जेल ठेवतो आणि आर्द्रतामापक पाहून ते बदलतो.