अकरा मिनिटांचा हिशेब

गेली चार वर्षे मी दर सोमवारी पहाटे पुण्याहून पनवेलला जातो आणि शुक्रवारी संध्याकाळी परततो. गाडीत एक छोटी वही असते. टाकी फुल्ल केली की किलोमीटर आणि लिटर तिच्यात टिपायचे, ही वडिलांकडून आलेली सवय. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट पट्ट्यात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे आणि पहिली दोन वर्षे मी ती पुरेपूर वापरली. पुढे निव्वळ कुतूहलापोटी ८०-८५ वर राहून पाहिले, तेव्हा वहीतले ॲव्हरेज १४ वरून १७ च्या घरात गेले. एका बाजूच्या प्रवासामागे सुमारे दीड लिटर पेट्रोल वाचू लागले.

यात नवल काहीच नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ८० चे १०० झाले की वेग सव्वापट होतो, पण हवा दीडपटीहून अधिक जोराने गाडीला मागे रेटते. बदल्यात मिळते काय? ९४.५ किलोमीटरच्या या मार्गातून घाट वगळला तर मोकळ्या धावेला ढोबळमानाने ७५ किलोमीटर उरतात. १०० ने त्याला पाऊण तास लागतो, ८० ने छप्पन्न मिनिटे. अमेरिकेने तेलटंचाईच्या काळात, १९७४ मध्ये, देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा घातली, ती याच गणितावर. लोकांनी ती सर्रास मोडली आणि १९९५ मध्ये ती रद्दही झाली, हा भाग वेगळा.

ही अकरा मिनिटे तरी खरोखर हाती लागतात का? शुक्रवारी संध्याकाळी खालापूर टोलनाका ओलांडून घाट चढू लागलो की उत्तर मिळते. डाव्या लेनमध्ये कंटेनर रांगत असतो, त्याच्याहून किंचितच वेगवान असलेला टँकर त्याला ओलांडायला मधल्या लेनमध्ये येतो, आणि खालून १०० ने आलेल्या मोटारी एकामागोमाग एक ब्रेक दाबतात. पहिल्याने जरासा दाबलेला ब्रेक विसाव्या गाडीपर्यंत पोहोचतो तोवर ती गाडी थांबलेली असते. जपानी संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २३० मीटरच्या वर्तुळाकार रस्त्यावर २२ मोटारी सारख्या वेगाने फिरवल्या, तर वाटेत कसलाही अडथळा नसताना काही वेळातच कोंडी तयार झाली. आपल्या घाटात तर अडथळेही आहेत.

म्हणून मर्यादेचा आकडा किती, यापेक्षा सर्व गाड्या एकमेकींच्या वेगाच्या किती जवळ चालतात, हे मला महत्त्वाचे वाटते. दोन गाड्यांत २ सेकंदांचे अंतर राखले तर एका लेनमधून तासाला जेमतेम १,८०० गाड्या जातात, मग वेग ८० असो वा १००. लंडनभोवतीच्या एम-२५ मार्गावर १९९५ पासून गर्दी वाढताच फलकांवरची मर्यादा उतरवली जाते. पुढच्या गर्दीवर आदळण्याआधीच मागच्यांना हळू करायचे, हा त्यामागचा हेतू. खालापूरच्या अलीकडे शुक्रवारपुरती तरी ७० ची मर्यादा लावून पाहावी असे मला फार वाटते, अर्थात अवजड वाहने डावी लेन सोडणार नाहीत याची व्यवस्था करूनच.

तूर्त मी मधल्या लेनमधून ८५ ने जातो, आणि उजवी लेन मोकळी असतानाही मागून कोणीतरी डिपर मारत राहतो.