पुठ्ठ्याचा फ्लेमिंगो : पाय झाला, मान चालू आहे

मंडळी, फ्लेमिंगो एका पायावर उभा राहिलाय!! आत तार नाही, काठी नाही, नुसता पुठ्ठा आणि फेविकॉल. आपल्या ठाणे खाडीत लहान रोहितच (फ्लेमिंगोची छोटी जात) जास्त येतात म्हणून साइझ त्याचाच धरलाय, साधारण तीन फूट, म्हणजे खऱ्या पक्ष्याएवढा.

सगळ्यात जास्त वेळ पायातच गेला. पुठ्ठ्यातल्या लाटा (दोन सपाट कागदांमधला नागमोडी थर) ज्या दिशेने जातात त्या दिशेने तो ताठ राहतो आणि लाटांना समांतर लगेच दुमडतो, त्यामुळे पायाच्या सगळ्या पट्ट्या लाटा उभ्या धरून कापल्या, एकावर एक चिकटवल्या आणि रात्रभर वजनाखाली ठेवल्या. पुठ्ठा तुर्भ्याच्या फळ मार्केटमधल्या सफरचंदाच्या पेट्यांचा, पायासाठी त्याला तोड नाही. पार्सलचे 3 प्लायचे, म्हणजे तीन थरांचे पातळ खोके पिसांसाठी बाजूला ठेवलेत.

फ्लेमिंगोचा उलटा वाकणारा गुडघा म्हणून आपण जो बघतो तो खरं तर घोटा आहे, गुडघा वर पिसांत लपलेला असतो. आणि 2017 साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी मेलेल्या फ्लेमिंगोंवर तपासून दाखवलं की एका पायावर शरीर स्नायूंच्या जोराशिवायही तोललं जातं, फक्त पाय आत तिरका होऊन पाऊल शरीराच्या मधोमध खाली यायला हवं. तेच मी जसंच्या तसं घेतलं, पाय तिरका ठेवला, बुडाला पुठ्ठ्याचे थर दाबून जाड पाटी केली, आणि पक्षी खरंच तोलला, काय आनंद झालाय सांगू!

आता मान. हिच्यात 19 लांबट मणके असतात, म्हणून नवी मुंबईत सीवूड्सच्या डीपीएस तलावावर दुर्बिणीतून नीट बघितलंत तर वळण एकसंध गोल नसतं, छोट्या छोट्या टप्प्यांनी वळतं. म्हणून तेवढ्याच चकत्या, प्रत्येक एका बाजूने किंचित पातळ, आणि लाटांची दिशा एकीत उभी, पुढचीत आडवी. वास्तुविशारद फ्रँक गेरीने 1972 च्या विगल चेअर या पुठ्ठ्याच्या खुर्चीत थरांची दिशा अशीच आलटून पालटून ठेवली होती, त्या खुर्चीवर माणूस बसतो तर मान काय चीज आहे.

रंग लावणार नाही हे पक्कं. पंखातला लाल पेट्यांवरच्या छपाईतूनच येणार, बाकी अंग पुठ्ठ्याचंच. पिसांसाठी वरचा कागद ओल्या फडक्याने भिजवून सोलतोय, खालच्या लाटा उघड्या पडल्या की काय सुंदर पोत दिसतो.

पावसाळ्याआधी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे (लाखेचे) हात द्यायचेत. पाण्याचं काहीही लावलं की पुठ्ठा फुगतो, आणि दमट हवेत चपडा पांढरा पडतो, तेव्हा कोरडा दिवस बघूनच.

चोच राहिलीय. तिचं ते मधलं वाकण कागदाचा लगदा न वापरता कोणी जमवलं असेल तर फोटो टाका प्लीज, मला तिथेही पुठ्ठाच हवाय.