टँकरचा प्रस्ताव

२०२४च्या फेब्रुवारीतच वस्तीवरच्या विहिरीत बादली तळाला आपटायला लागली, तेव्हा मी ग्रामसेवकांना म्हटलं, "भाऊसाहेब, यंदा टँकरचा प्रस्ताव टाकावा लागतोय." त्यांनी रजिस्टरातून मान वर न काढताच विचारलं, "कुणासाठी? तुमच्या वस्तीवर तर नळ झालेत, ताई."

नळ झालेत हे खोटं नव्हतं. जलजीवनमधून प्रत्येक दारापुढं सिमेंटचा खांब उभा राहिलाय आणि त्याला तोटी बसलीय. माणशी रोज ५५ लिटर असा हिशोब आहे योजनेचा. पाइप गावच्या टाकीपासून वस्तीपर्यंत व्यवस्थित आलाय. पण टाकी ज्या विहिरीवर भरते ती गावविहीर जानेवारीपासून तासाभरात उपसून मोकळी होते, आणि आमची वस्ती पडली चढाला. तोटी उघडली की फुस्स करून वारा येतो. माझ्या धाकट्यानं तर त्या खांबाला शेरडी बांधायला सुरुवात केली होती.

तर कागदावर आम्ही नळवाले आणि नळवाल्यांना टँकर नाही. तिथून सुरुवात झाली. मी ग्रामपंचायतीची सदस्य, पहिलीच टर्म, महिला राखीव. आजूबाजूच्या गावांतल्या बऱ्याच जणींनी विचारलं, काय काय करावं लागतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आमचं गाव साताऱ्याच्या पूर्वेकडच्या पट्ट्यातलं. त्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि आमच्याकडं पाचशेच्या आसपास, तोही पडला तर. २०२३ला तर ऑगस्ट सगळा कोरडा गेला. देशात १९०१पासून एवढा कोरडा ऑगस्ट झाला नव्हता म्हणे. सरकारनं ऑक्टोबरअखेर ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, पुढं महसूल मंडळांची, म्हणजे तालुक्यातल्या काही काही गावांच्या गटांची, वेगळी यादी काढली आणि त्यात आमचं मंडळ 'दुष्काळसदृश' म्हणून आलं. पंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, पोरांची परीक्षा फी माफ आणि गरज असेल तिथं टँकर, अशा सवलती. 'गरज असेल तिथं' हे कोण ठरवणार, तर त्याची शिडी आहे, आणि तिची एकही पायरी गाळता येत नाही.

टंचाई कृती आराखडा नावाचा एक तक्ता असतो. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून असे त्याचे तीन भाग. कुठल्या गावाला कधी पाणी कमी पडेल याचा अंदाज भूजलवाल्यांनी निरीक्षण विहिरींच्या पातळ्या मोजून दिलेला असतो. आणि उपाय ठरलेले: बुडक्या (ओढ्या-नदीच्या पात्रातले छोटे झरे-खड्डे) घेणं, विहिरीतला गाळ काढणं, खोल करणं, नळयोजनेची दुरुस्ती, हातपंपाची दुरुस्ती, नवी विंधन विहीर, खाजगी विहिरीचं अधिग्रहण, टँकर. आधीचं काहीच लागू पडत नाही असं कागदावर आलं तरच टँकर. मला हे सुरुवातीला छळ वाटलं. आता तसं वाटत नाही. टँकरचा खर्च बघितला आणि टँकरवर गब्बर झालेली माणसं बघितली की शिडी असावी असंच माझंही मत झालंय. फक्त ती फेब्रुवारीत चढायला घ्यावी, एप्रिलमध्ये नाही.

मासिक सभेत ठराव घेतला. त्यात एक वाक्य मी हट्टानं घालून घेतलं: 'वस्तीवर नळजोडणी असून उद्भव आटल्याने प्रत्यक्ष पाणीपुरवठा बंद आहे.' उद्भव म्हणजे जिथनं पाणी घेतात ती जागा, इथं गावविहीर. सरपंच बिचकले, म्हणाले, "असं लिहून दिलं तर योजनेचं बिल काढताना आपल्यालाच विचारतील." मी म्हटलं, विचारू द्या, तोटी उघडून दाखवू. हे एक वाक्य पुढं फार कामाला आलं.

विंधन विहिरीची पायरी लवकर संपली. आमच्याकडं वरती थोडा मुरूम, खाली काळा पाषाण. पाणी असतं ते मुरमात आणि दगडाच्या फटींत. मागं दोन जणांनी सहाशे फुटांपर्यंत बोअर मारून बघितलेत, नुसता धुरळा निघाला. तसा दाखला भूजलवाल्यांनी पाहणी करून दिला. गावविहिरीचं दुखणं वेगळं. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला १९९३च्या कायद्यापासून मनाई आहे. आमच्या गावविहिरीभोवती किती बोअर आहेत ते मी इथं लिहीत नाही, मला याच गावात राहायचंय.

मग आलं अधिग्रहण. वस्तीच्या खालच्या अंगाला एका नानांची विहीर आहे, तिला त्या वेळी सात-आठ फूट पाणी होतं आणि त्यावर त्यांची डाळिंबाची बाग. तहसीलदार आदेश काढून अशी विहीर पिण्यासाठी ताब्यात घेऊ शकतात, मालकाला रोजाप्रमाणं पैसे मिळतात. पण ते पैसे किती आणि कधी हे नानांना माहीत होतं. मागच्या दुष्काळातले त्यांना दोन वर्षांनी मिळाले होते. ते म्हणाले, "पोरी, पाण्याला मी न्हाई म्हणत न्हाई. पर बाग वाळली तर बँक माझं घर अधिग्रहण करंल." त्यांच्याशी बसून ठरवलं: आदेश रीतसर होऊ द्यायचा, रोज सकाळी अर्धा तास मोटर वस्तीसाठी, बाकी बागेला. एप्रिलमध्ये त्यांचंही पाणी तळाला गेलं आणि तलाठ्यानं पंचनामा केला, 'अधिग्रहित उद्भव कोरडा'. तेव्हा कुठं टँकरची पायरी आली.

दरम्यान १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. टंचाईच्या कामाला आचारसंहिता आडवी येत नाही असं प्रत्येक टेबलावर सांगत होते. आडवी येत होती ती इलेक्शन ड्युटी. फाइल होती, सही करणारे ट्रेनिंगला. आमच्याकडं मतदान ७ मेला होतं. त्या दिवसांत उमेदवारांचे लोक पाण्याचे खाजगी टँकर पाठवायला तयार होते, तेही वस्तीच्या नावासकट बॅनर लावून. घेतले का? दोन घेतले. पाणी आहे, त्याला काय पक्ष. पण मी बायकांना सांगून ठेवलं होतं की याचा फोटो कुठं टाकू नका, नाहीतर 'वस्तीला पाणीपुरवठा सुरू आहे' असा शेरा फाइलवर यायचा.

संयुक्त पाहणीचा दिवस मात्र विसरणार नाही. नायब तहसीलदार, पाणीपुरवठ्याचे अभियंता, ग्रामसेवक, तलाठी असे सगळे सकाळी आठच्या सुमाराला आले. नेमकं त्या दिवशी साहेब येणार म्हणून बायकांनी पहाटेपासून विहिरीला हात लावला नव्हता. आमच्या विहिरीच्या तळाला मधोमध एक डबरं खणलंय, कंबरेएवढ्या रुंदीचं. रात्रभर झिरपून ते भरतं. एक पोरगं खाली उतरून मगानं हंडा भरतं आणि वरनं ओढून घ्यायचा. अभियंता साहेबांनी कठड्यावरून वाकून बघितलं आणि म्हणाले, "पाणी तर दिसतंय की."

माझ्या पोटात गोळा आला. पण आक्का पुढं झाल्या. सत्तरीच्या आहेत, बहात्तरचा दुष्काळ त्यांनी खडी फोडून काढलाय. म्हणाल्या, "दिसतंय ते रातभराचं हाय सायेब. उपसून दावतो, बसा."

आणि खरंच उपसलं. पोरगं खाली, वर दोघी दोरावर. साहेबांना लिंबाखाली खाट टाकली, चहा दिला, बिनदुधाचाच. हंडे मोजायला तलाठी. बाविसावा हंडा अर्धाच वर आला, त्यातही गाळ. मग आक्का म्हणाल्या, "आता घड्याळ लावा." तासाभरात दोन हंडे भरले. अभियंत्यांनी स्वतःच खिशातून पेन काढलं. हंडा पंधरा लिटरचा, तासाला तीस लिटर, चोवीस तासांचे सातशेवीस. वस्तीवर माणसं सव्वाचारशे. माणशी पावणेदोन लिटरही पडत नव्हतं. त्यांनी तो हिशोब पाहणी अहवालात जसाच्या तसा लिहिला, आणि खाली नळाबद्दलचा आमच्या ठरावातला मजकूरही घेतला. माणूस चांगला होता. आधी बघून 'पाणी दिसतंय' म्हणाला तो त्याचा दोष नाही, भरलेलं डबरं कुणालाही फसवील.

सव्वाचारशेचा आकडा मिळवणं हेही एक प्रकरणच होतं. टँकर माणशी २० लिटरच्या हिशोबानं मंजूर होतो. २०११च्या जनगणनेत आमची वस्ती वेगळी नाहीच, गावात मिसळलेली. शेवटी गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंच्या सर्वेक्षण रजिस्टरावरून घरनिहाय यादी केली. त्यातही अडचण अशी, की आमची निम्मी तरणी माणसं बाहेर. कुणी मुंबईत माथाडी, कुणी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात पार परराज्यांत. चैत्रातल्या यात्रेला आणि मे महिन्यात सगळे पोराबाळांसह गावी येतात, म्हणजे पाणी सगळ्यात कमी तेव्हा माणसं सगळ्यात जास्त. कागदाला हे कळत नाही.

आणि जनावरं? संकरित गाय उन्हाळ्यात दिवसाला साठ-सत्तर लिटर सहज पिते. आमच्याकडं चूल पेटते ती डेअरीच्या पगारावर. २०१९च्या दुष्काळात टँकर देताना जनावरंही धरावीत असे आदेश निघाले होते, तेवढं मला आठवत होतं. म्हणून आम्ही गाईंच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर उतरवून पशुवैद्यकीय दवाखान्यातून दाखला घेतला. गाई काही कान धरून उभ्या राहत नाहीत. एका गाईनं माझ्या जावेला असं ढकललं, की ती शेणात आणि वही दावणीत. आकड्यांवर बरीच घासाघीस झाली. माणसांपुरत्या साडेआठ हजार लिटरच्या जागी दिवसाला बारा हजारांची एक खेप मंजूर झाली. दोन मागितल्या होत्या.

टँकर आला तो मतदानानंतर. आला म्हणजे प्रश्न मिटला असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. पहिल्या दिवशी ड्रायव्हर पाणी विहिरीत सोडायला निघाला, सगळीकडं तशीच पद्धत आहे. आम्ही आडवे उभे राहिलो. तळाला फटी आहेत, ओतलेलं पाणी निम्मं खाली जातं आणि उरलेल्यावर झुंबड उडते. ग्रामपंचायतीच्या दोन सिंटेक्सच्या टाक्या शाळेमागं पडून होत्या, त्या आणून कट्ट्यावर बसवल्या, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकायचं काम आशाताईंकडं. दर घराला किती हंडे ते ठरवून दिलं. भांडणं झाली, नाही असं नाही. लग्नघराला जास्त द्यायचं का, यावरून तर दोन भावकींत अजून बोलणं नाही.

टँकरला जीपीएस असतं, खेपा त्यावर मोजतात. पण जीपीएसला गाडी कुठं गेली ते कळतं, ती भरलेली होती का ते कळत नाही. भरण्याच्या ठिकाणी लाइट गेली की ड्रायव्हर पाऊण टाकी घेऊन यायचा आणि लॉगबुक पुढं करायचा. सह्या वस्तीवरच्या बायकांच्या लागायच्या. आम्ही पाळी लावली: सही करणारीनं आधी शिडीवर चढून टाकीत काठी घालायची, ओली किती झाली ते बघायचं आणि मगच सही. काठीवर कोळशानं खूण केली होती. कमी असेल तर लॉगबुकात 'पाऊण' असं अक्षरी लिहायचं. ड्रायव्हर आधी चिडला, नंतर भरूनच आणायला लागला.

मिरगाचा पाऊस चांगला लागला आणि जून संपताना टँकर बंद झाला. ऑक्टोबरमध्ये पुढच्या आराखड्याची बैठक लागली. मी पाहणी अहवालाची नक्कल, आशाताईंची यादी आणि लॉगबुकाच्या झेरॉक्स घेऊन गेले आणि वस्तीचं नाव गावाच्या खाली वेगळ्या ओळीत घालायला सांगितलं. सरपंच म्हणाले, "ताई, यंदा विहिरी तुडुंब आहेत, आत्ताच कशाला?" मी म्हटलं, "असू द्या. नाव लिहा." लिहिलं.